चकाकणारी स्प्रिंग

पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या पायथ्याशी, लोखंडाच्या किसात, मनिषाला स्प्रिंगचे दोन तुकडे सापडले. प्रेस चालवणाऱ्या भागोजीची तुटलेली चार बोटं कालच कुणीतरी पिशवीतून हॉस्पिटलात नेली होती.

कारखाना निरीक्षक म्हणून तिच्यापुढे आलेला हा यंदाचा सातवा जखमी हात. पहिल्या वेळी ती घरी जाऊन रडली होती. आता आत काहीच हललं नाही. आपण अशा कशा झालो, एवढंच तिच्या मनात आलं.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखाना. पायपट्टी दाबली की प्रेस एकदा खाली यायची. पाय काढला की ही स्प्रिंग खिट्टी मागे ढकलून प्रेस थांबवायची. काल स्प्रिंग तुटली आणि पाय काढल्यावरही प्रेस दुसऱ्यांदा खाली आली.

शुद्धीवर येताच भागोजीने जबाब दिला होता: स्प्रिंग भंगारातली, शिवाने बसवलेली. शिवा कारखान्याचा फिटर, आणि भागोजीच्या बायकोचा सख्खा भाऊ. सकाळपासून तो पोलीस ठाण्यात होता. मनिषाच्या अहवालावर त्याची अटक अडली होती.

"स्प्रिंग कुठून आणलीस?" तिने ठाण्यात विचारलं.

"खोक्यातली नवीन ओ मॅडम, दसऱ्याआधीच घातली. भावोजींच्या मशीनला भंगार कशाला घालू मी?"

"निवडलीस कशी?"

"तार मोजली, चार मिलिमीटर. पुरी दाबली तरी वेटोळी एकमेकांना टेकत नाय ना, ते बघितलं. टेकली की स्प्रिंग लवकर मरते. वर ग्रीस चोपडलं. वर्षभर बघायला लागली नसती."

"रंग?"

"काळी. तेलकट काळी."

मनिषाने तुकडा टेबलावर ठेवला. तो लखलखीत पांढरा होता. शिवा त्याच्याकडे बघतच राहिला.

कारखान्यात परतून तिने खोकं उघडलं. आतल्या स्प्रिंगा काळ्याच होत्या. तारेची जाडी तुकड्याइतकीच. म्हणजे शिवा खरं बोलत होता.

प्रेसवर झेंडूचा हार सुकत होता. मालक निहारला तिने विचारलं, "दसऱ्याला ही साफ कोणी केली?"

"ज्याची मशीन त्यानेच, मॅडम. पूजेआधी दुसरा कोणी हातही लावत नाही. भागोजीची तर दरवर्षी सगळ्यांत चकाचक."

"दसरा होऊन किती दिवस झाले?"

"काल तिसरा."

हॉस्पिटलात सखू नवऱ्याला पेज भरवत होती. मनिषा स्टूल ओढून बसली.

"शिवाने बसवल्यावर तुम्ही स्प्रिंगला हात लावला होतात?"

"नाय."

"मग ती पांढरी कशी झाली?"

भागोजीने तोंड फिरवलं.

"मी सांगते," मनिषा सपाट आवाजात म्हणाली. "काळी स्प्रिंग पूजेत शोभेना. तुम्ही ती काढलीत, ॲसिडात बुडवलीत, घासलीत आणि परत बसवलीत. इतकं कडक पोलाद ॲसिडात टाकलं की त्यातला वायू आत शिरतो. वरून चकाकतं, आतून ठिसूळ होतं. लगेच तुटत नाही, दाबाखाली दोन-तीन दिवसांनी तुटतं. भंगारातली जुनी स्प्रिंग थकून तुटली असती तर तड्यात जुना मळ दिसला असता. इथे तुटलेली बाजू ताजी आहे, साखरेसारखी कणीदार. आणि त्या मशीनला दसऱ्याला तुमच्याशिवाय कोणी शिवत नाही."

सखूचा चमचा हवेतच थांबला. "मोरीतली ॲसिडची बाटली नेलात ती ह्याच्यासाठी?"

"मना काय म्हायती असा होईल!" भागोजीचा आवाज फाटला. "वीस वर्षं पोरांना मशीन शिकवली. हात तर गेलाच. वर सगळी खुळा म्हणून हसली असती."

"म्हणून माझ्या भावाचं नाव घेतलात?"

 मनिषाने अहवालात शिवा निर्दोष असल्याचं लिहिलं आणि सही केली. सखूने पेजेची वाटी नवऱ्याच्या डाव्या हाताशी ठेवली.

"मॅडम, मी येते तुमच्याबरोबर. शिवाला घरी न्यायचंय."

"सखू," भागोजी म्हणाला, "परत येशील ना?"

तिने चपला घातल्या आणि मनिषाच्या पुढे होऊन दार उघडलं.