काउंटची वेस

दिवा राहू दे, ब्रूना. तूही ऐक, पिएरो, पण लिहून घेऊ नकोस. मी वर्तमानपत्रासाठी लिहिलं होतं. यंदाच्या जत्रेच्या तोंडावर असलं नको म्हणून संपादकाने टोपलीत टाकलं.

नेल्लो माझा शाळासोबती; त्या रात्रीचं त्यानेच मला सांगितलं. आमच्या मोन्तेल्वेरा गावच्या वेशीची किल्ली त्याच्या घराण्याकडे. गेल्या वर्षी, अकरा ऑक्टोबरच्या संध्याकाळी, त्याने धाकट्या भावाला, दुच्चोला, खालच्या वाडीत रानडुकराचं मांस आणायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी गावच्या जुन्या सरदाराची, काउंट रानिएरीची, जत्रा होती.

चौकात काउंटचा पुतळा, शाळेला त्याचं नाव. सातशे वर्षांमागे शत्रू आला तेव्हा वेस लावून त्याने गाव वाचवलं, असं पोरांना शिकवतात. वेशीबाहेर त्याचीच शेतं कसणारे तीनशे जण होते. तान्ह्या पोरांसकट. दार ठोठावता ठोठावता कापले गेले. काउंट वर तटावर जेवत होता. हे कोणी शिकवत नाही. उलट जत्रेच्या आदल्या रात्री वेस लावायची, आणि कोणीही ठोठावलं तरी पहाटेपर्यंत उघडायची नाही, हा किल्लीवाल्याचा मान.

निघताना दुच्चोने विचारलं होतं, उशीर झाला तर मलाही बाहेर ठेवशील?

"काउंटसाहेबांची चिठ्ठी आण," नेल्लो हसला होता.

अकरा वाजून दहा मिनिटांनी थाप पडली.

"नेल्लो, उघड. माझ्यामागे कोणीतरी आहे."

नेल्लोला वाटलं, वाडीत प्यायलाय, थट्टा करतोय. चार पिढ्यांत त्या रात्री कोणी वेस उघडली नव्हती. सकाळी गाव काय म्हणेल?

"जा, वाडीतच झोप."

"पाय... पाय तोडला रे माझा."

मग आणखी थापा. खूप हात. काही अगदी खाली.

नेल्लोने किल्ली कुलपात घातली.

फिरवली नाही.

बाहेर काहीतरी चिरलं. ओलं. पुन्हा. पुन्हा.

"नेल्..."

मग काही नाही. वर तटावर कोणीतरी सावकाश हाड चोखत होतं.

पहाटे वेस उघडली. दुच्चो उंबऱ्याशी पडला होता. एक पाय गुडघ्यापासून वेगळा, धड मानेपासून कमरेपर्यंत चिरलेलं. पोलीस म्हणाले, रानडुक्कर. रानडुक्कर वरून खाली वार करतं का, मी विचारलं. त्यांनी वही मिटली. जत्रा ठरल्या वेळी झाली. नगराध्यक्षांनी पुतळ्याला हार घातला आणि नेल्लोची पाठ थोपटली. परंपरा राखल्याबद्दल.

मी वेशीचं दार बाहेरून पाहिलं. नखांचे ओरखडे होते, ताजे, पांढरं लाकूड दिसेपर्यंत खोल. दुच्चोची नखं मी स्वतः पाहिली. एकही तुटलं नव्हतं.

सगळ्यांत खालचे ओरखडे जमिनीपासून वीतभर उंचीवर होते. चार रेघा. चारही मिळून माझ्या अंगठ्याखाली झाकल्या गेल्या.