चंद्रावरून गेलेलं चौथं पत्र

चंद्रावरच्या ठाण्यातून शाल्मलीनं मदतीसाठी तीन पत्रं धाडली, आणि पृथ्वीवरून तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, 'वाचून आनंद झाला!' आता बोला! इथे श्वास घ्यायची पंचाईत आणि त्यांना आनंद होतोय!

हवा शुद्ध करणारं शेवाळ टाक्यांमध्ये सडलं होतं. प्राणवायू सहा दिवसांपुरता उरला होता. ठाण्यात माणसं दोनच. ती आणि तिचे शास्त्रज्ञ आजोबा. ते तर धाप लागून अंथरुणालाच खिळले होते.

"आशा सोड गं," आजोबा म्हणाले. "कुणाला पडलंय आपलं?"

तेवढ्यात ठोकळ्या, म्हणजे ठाण्यातला यंत्रमानव, म्हणाला, "तू धाडलेलं पत्र वाच बघू."

"'इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. तुमची खुशाली कळवावी. परवा पृथ्वी छान दिसली. आजोबांना धाप लागते. माझा वाढदिवस झाला. शेवाळ सडलंय...'"

"खुशाल?"

"पत्राची सुरुवात तशीच करायची असते! आजोबांनीच शिकवलंय."

"अगं, तिकडे पत्रं माझा भाऊबंद, म्हणजे तिथला यंत्रमानव वाचतो. रोज लाखभर! परिच्छेदाच्या (एकाच विचाराभोवतीच्या वाक्यांचा गट) पहिल्या वाक्यावरून तो विषय ठरवतो."

म्हणजे आपल्याच हातानं घात झाला! शाल्मली हमसून हमसून रडू लागली.

"रड, पण लिहिता लिहिता रड," ठोकळ्या म्हणाला. "आधी विषयवाक्य (मुख्य मुद्दा सांगणारं वाक्य). मग त्याला आधार देणारी वाक्यं, एकातून दुसरं निघेल अशी. शेवटी, काय हवंय ते."

"आणि वाढदिवस?"

"त्याचा इथे काय संबंध? काढ."

तिच्या अगदी जिवावर आलं, पण काढला.

'आमचा प्राणवायू सहा दिवसांत संपेल. कारण हवा शुद्ध करणारं शेवाळ सडलं आहे. त्यामुळे आजोबांना धाप लागते, उठवतही नाही. यान इथे पोचायला चार दिवस लागतात. म्हणून ताजं शेवाळ घेऊन उद्याच यान पाठवा.'

"फारच कोरडं झालं गं," आजोबा पुटपुटले.

पत्र गेलं. तासभर काहीच आलं नाही. आजोबांचा हात गार पडत चालला होता. तो धरून ती नुसती बसून राहिली. आता काही खरं नाही, असंच तिला वाटलं.

मग पडद्यावर अक्षरं उमटली. 'यान आजच निघतंय.'

आजोबांनी डोळे पुसले. "आभार मान गं त्यांचे. त्याच मजकुराला जोडून परत धाड."

"छे हो आजोबा! हा वेगळा विचार. याला वेगळा परिच्छेद."

आणि नव्या ओळीवर तिनं सगळ्यात आधी लिहिलं, 'तुमच्यामुळे माझे आजोबा जगतील.'