पाचव्या मजल्यावरचा पत्ता

दिवा राहू दे रे चालू. भुतांवर माझा विश्वास नाही, पण डोळ्यांवर आहे, आणि अंधारात डोळ्यांचा काय उपयोग? बसा इथेच. मोबाईल उलटे ठेवा. हे माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय. तो थापा मारणारा माणूस नव्हता. थापा मारायलाही थोडी मेहनत लागते, आणि हा पहिल्या नंबरचा आळशी.

तर तो परदेशात एका मोठ्या शहरात नोकरीला होता. बाहेरून आलेल्या लोकांना मदत करणारं कार्यालय. खोली कुठे मिळेल, दाखला कोण देईल, डॉक्टर कुठला बरा, हे सगळं तिथे सांगायचे. याच्याकडे देवाचं खातं होतं. हसू नका. कुठल्या धर्माचं, कुठल्या भाषेतलं प्रार्थनास्थळ शहरात कुठे आहे याची वही ठेवायची, आणि विचारायला येईल त्याला पत्ता द्यायचा. तो म्हणायचा, परक्या गावात माणूस पहिल्या महिन्यात खोली शोधतो आणि दुसऱ्या महिन्यात देव.

मोठी देवळं, मशिदी, चर्च कुणालाही सापडतात. पंचाईत असते ती छोट्यांची. दहा-वीस घरची माणसं एकत्र येऊन शिंप्याच्या दुकानावरची खोली घेतात, नाहीतर शाळेचा हॉल, नाहीतर एखादं तळघर. आज इथे, उद्या तिथे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. म्हणून कार्यालयाचा एक नियम होता. दर सहा महिन्यांनी प्रत्येक ठिकाणी स्वतः जायचं, माणसं प्रार्थनेला बसलेली आपल्या डोळ्यांनी बघायची, आणि मगच वहीत ‘पाहिलं’ असं लिहून तारीख टाकायची. फोनवर विचारून लिहायचं नाही. त्याची साहेबीण या एका बाबतीत कुणाचं ऐकायची नाही.

एक जागा होती जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आमच्या भावाला जिना दिसला की पोटात दुखायचं. एकदा त्याने विचार केला, फोन करू, कोण बघतंय? फोन केला. कुणीतरी म्हाताऱ्याने उचलला. मागून गाणं ऐकू येत होतं. भावाने विचारलं, “तुम्ही आहात ना तिथे अजून?” म्हातारा म्हणाला, “आहोत.” झालं. लिहिलं ‘पाहिलं’. सहा महिन्यांनी परत फोन. परत तोच म्हातारा, तेच गाणं. असं चार वेळा. दोन वर्षं.

मग तो शुक्रवार आला. नोव्हेंबरचा दुसरा. संध्याकाळी साडेपाचला एक बाई कार्यालयात आली. चाळिशीची असेल, आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी, कामाचा निळा कोट अंगात तसाच. तिचा नवरा लांबलेल्या आजारात, उजवा पाय अधू होऊन, त्याच शहरात वारला होता. त्यांच्यात अशी रीत, की गेलेल्या माणसाचं नाव वर्षाच्या आत आपल्या लोकांसमोर, आपल्या भाषेत मोठ्याने घ्यायचं. घेतलं नाही तर तो कायमचा परका राहतो. वर्ष त्या रात्री बाराला संपत होतं.

भावाने विचारलं, “इतके दिवस का थांबलात, ताई?”

ती म्हणाली, “आमची माणसं कुठे बसतात तेच मिळेना. ज्याला त्याला विचारलं. शेवटी कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही स्वतः जाऊन बघून येता म्हणे.”

भाऊ सांगायचा, “तेव्हा मला लाज वाटली.” पण वही उघडून पत्ता लिहून दिला. सात वाजता प्रार्थना असते, असंही सांगितलं. तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि रडली. मग गेली.

पावणेआठला कार्यालय बंद करायच्या वेळी एक टॅक्सीवाला आला. त्याचं काम दाखल्याचं होतं. बोलता बोलता कळलं, तोही त्या बाईच्याच देशाचा. भावाने सहज म्हटलं, “आज तुमची प्रार्थना चुकली वाटतं?”

टॅक्सीवाला म्हणाला, “कुठली प्रार्थना, साहेब? आमचा हॉल बंद होऊन अडीच वर्षं झाली. सगळी म्हातारी माणसं होती, एकेक करून गेली. शेवटी चावी सांभाळणारे माझे चुलते होते, त्यांना मीच खांदा दिला. आता ती इमारत पाडणार आहेत. वीज नाही, जिन्याला कठडा नाही.”

“आणि फोन?”

“फोन तेव्हाच तोडला.”

भावाने बाईचा अर्ज काढला. त्यावर तिचा नंबर होता. लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. बाई बोलली नाही. मागून गाणं ऐकू येत होतं. तेच.

टॅक्सीवाल्याने गाडी हाणली. आठ वाजून दहा मिनिटांनी ते इमारतीपाशी पोचले. सगळ्या खिडक्या काळ्या. टॅक्सीवाला खाली उतरायलाच तयार होईना. म्हणाला, साहेब, तिथे माझे चुलते बसायचे, मी नाही येत. भावाला तरी कुठे जायचं होतं? पण त्या बाईला वर पाठवली होती ती यानेच, आणि कठडा नसलेल्या जिन्यावरून ती पडली तर ते पाप याच्याच माथी. मोबाईलचा उजेड धरून, भिंतीला पाठ घासत तो चढला. एक मजला. दोन मजले. दोन वर्षं टाळलेला जिना तो त्या रात्री पहिल्यांदा चढत होता.

चौथ्या मजल्यावर गाणं ऐकू आलं.

पाचव्यावर दाराखालून उजेड येत होता. बाहेर चपला-बुटांच्या ओळी. जुने, तळ झिजलेले. शेवटी तिचे बूट, नीट जोडून ठेवलेले.

त्याने दार ढकललं.

चाळीसेक माणसं बसलेली. सगळ्यांची पाठ दाराकडे. ती शेवटच्या ओळीत. पुढे एकजण कागदावरून नावं वाचत होता. एक नाव... मग ओळीतून कुणीतरी म्हणायचं, “आहे.” दुसरं नाव... “आहे.”

मग ती उठली. तिने नवऱ्याचं नाव घेतलं. मोठ्याने.

कुणी बोललं नाही.

बराच वेळ.

मग डाव्या कोपऱ्यातून, जिथे कुणीच बसलेलं नव्हतं...

“आहे.”

काय गं, पांघरूण कशाला ओढतेस? पुढे ऐक.

भावाने तिला हाक मारली. गाणं थांबलं. एकही मान वळली नाही. फक्त दाराशी एक म्हातारा उभा होता, हातात चाव्यांचा जुडगा. म्हणाला, “तुम्ही कार्यालयातले. आवाज ओळखला मी.”

भाऊ दाराची चौकट धरून उभा राहिला.

म्हातारा म्हणाला, “दर सहा महिन्यांनी तुम्ही विचारता, आहात ना? कुणी विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? तुम्ही लिहिता, म्हणून आम्ही बसतो.” मग जरा थांबून म्हणाला, “दमलोय आम्ही. खोडा आता.”

वही भावाच्या पिशवीत होती. त्याने काढली. उंबऱ्यावर उभं राहूनच पान शोधलं. पत्त्यावर आडवी रेघ मारली.

उजेड गेला.

गाणं नाही. श्वास नाही. मोबाईलही विझलेला.

मग एक हात त्याच्या हातात आला. गरम. तिचाच. तिने चाचपडत बूट घातले, आणि दोघं उतरू लागले. भिंतीला धरून, पायरी पायरी. तिसऱ्या मजल्यावर ती म्हणाली, “हळू चला ना. त्यांना दम लागतो.”

भावाला वाटलं, वरची म्हातारी माणसं मागून उतरताहेत. त्याने मागे पाहिलं नाही. तुम्ही तरी पाहिलं असतं का?

खाली टॅक्सीवाल्याने तिला घरी सोडलं. वाटेत तिचा चेहरा अगदी शांत होता. भाऊ म्हणायचा, एवढा शांत चेहरा मी माणसाचा पाहिला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

रात्रभर त्याला झोप नाही. सकाळी त्याने साहेबिणीला सगळं कबूल केलं, चारही खोट्या तारखा दाखवल्या. ती ओरडली नाही. म्हणाली, “आता तरी जाऊन बघून या.” दिवसाउजेडी टॅक्सीवालाही आला. दोघं परत चढले.

दार उघडंच होतं. हॉल रिकामा. ना खुर्ची, ना चटई, बाहेर बूट नाहीत. जमिनीवर पिठासारखी धूळ, बोटभर. टॅक्सीवाल्याने मोबाईलवर फोटो काढला. तो फोटो मी स्वतः पाहिलाय, भावाने पाठवला होता.

उंबऱ्यावर भावाच्या बुटांचे ठसे, तिथेच थांबलेले. दारातून आत गेलेली बाईची अनवाणी पावलं, शेवटच्या ओळीच्या जागेपर्यंत. चाळीस माणसं बसली होती म्हणे, त्यांचा एक ठसा नाही.

मी म्हटलं, मग तिची पावलं परत येताना दिसतात, त्यात काय नवल? भाऊ म्हणाला, “नीट बघ.”

मी फोटो मोठा करून पाहिला. तिच्या पावलांशेजारी, अगदी खेटून, पुरुषाची अनवाणी पावलं होती. उजवा पाय ओढत चालल्यासारखी. दोघांची मिळून दारापर्यंत, आणि दारातून बाहेर.

डाव्या कोपऱ्याकडे जाणारं एकही पाऊल नव्हतं. पुरुषाची ती पावलं त्या कोपऱ्यातून नुसती निघाली होती.