परिशिष्टातली माणसं

नांदेडच्या छापखान्यातून पुस्तकांचे गठ्ठे आले, त्या दिवशी अंबिकानं कुरकुर करत दिवाणाखालचे गव्हाचे डबे हलवून जागा करून दिली. पाच गठ्ठे होते, सुतळीनं आवळलेले, शाईचा वास मारत असलेले. तिनं एक पुस्तक उघडून माझा फोटो बघितला आणि म्हणाली, केस काळे करून काढलाय होय. मग गहू कुठं ठेवायचा यावर आमचं वाजलं. मी मात्र खुशीत होतो. अडुसष्टाव्या वर्षी लेखक झालो होतो.

मी उमाशंकर बिराजदार. लातूरच्या एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. पोरं मला पाठीमागं 'पुरावे सर' म्हणायची. वर्गात कुणी ऐकीव काही ठोकून दिलं, की मी चष्म्यावरून बघायचो आणि एकच शब्द विचारायचो, "पुरावा?" पोरगं गप खाली बसायचं. मला त्याची लई मजा वाटायची. आज तो शब्द आठवला तरी तोंड लपवावंसं वाटतं.

पुस्तकाचं नाव 'नीरव्वाची वाट'. बाराव्या शतकात सीमेपलीकडच्या कल्याणला शरणांची कत्तल झाली, तेव्हा नीरव्वा नावाची एक शरणी, म्हणजे आमच्या लिंगायतांतली संत बाई, ताडपत्रांचं गाठोडं घेऊन तेरणा ओलांडून औशाकडं आली, ती पत्रं एका विहिरीच्या कोनाड्यात ठेवून तिथंच लिंगैक्य झाली, आणि तेव्हापासून आपल्याला जो इतिहास सांगितला गेला तो अर्धाच आहे, असं माझं म्हणणं. ही नीरव्वा कुठल्या ग्रंथात नाही. मला ती ध्यानात दिसली. दिसली होती की मीच रचली होती, हे आता मलाही सांगता येत नाही.

प्रकाशकांनी हात जोडले म्हणून स्वतःच छापायचं ठरवलं. नांदेडचा हरिओम पानं लावून द्यायचा. माणूस धंद्यात मुरलेला. म्हणाला, सर, ध्यानात दिसलं ते ठीक हाय, पण एकदोन जितीजागती माणसं टाका. लोकांना माणूस लागतो. मी त्याच्यासमोर नाराजी दाखवली आणि परतीच्या एसटीत बसल्याबसल्या वहीच्या मागच्या पानावर दोन माणसं लिहून काढली. परिशिष्ट तीन, माहितीदाते. 

पान एकशे बारावर नागम्मा. वय ब्याण्णव. गाव एरंडवाडी, औशाच्या पुढं, लामजन्याच्या अलीकडं. त्या गावाची पाटी मी एकदा बसच्या खिडकीतून बघितली होती, एवढाच माझा त्या गावाशी संबंध. नागम्माला मी एक लकब दिली. गोष्ट सुरू करताना ती पदराला गाठ मारते, आणि गोष्ट संपली की सोडते. पान एकशे चौदावर इस्लापूरचा शेषेराव. वय एक्याऐंशी, सहस्रकुंडाच्या धबधब्यापाशी कधीकाळी नारळाचं दुकान, आणि बोलताबोलता मधेच थांबून विचारायची सवय, 'ऐकून राहिलात ना?' झालं. दोघं मिळून तीन पानं. लिहिताना मला लाज वाटली नाही, उलट आपल्याला जमलं म्हणून मी खिडकीत बघून हसलो होतो.

मग प्रचार सुरू केला. आठ-दहा ग्रुपवर मुखपृष्ठ टाकलं. मठाबाहेर उभा राहून पत्रकं वाटली. लातूरच्या गंजगोलाईत, औशात, उदगीरला ओळखीच्या दुकानांत दहा-दहा प्रती ठेवल्या. औशाला धोंडप्पांचं कापडाचं दुकान होतं, त्यांनी गल्ल्याशेजारीच मांडून ठेवल्या. आठव्या दिवशी त्यांचा फोन आला. सगळ्या प्रती गेल्या म्हणाले, आणि एक तर खुद्द नागम्माआजीच घेऊन गेल्या.

मी विचारलं, कोण नागम्मा? धोंडप्पा हसले. तुमच्या पुस्तकातल्या, एरंडवाडीच्या, आणि कोण. नातू मोटारसायकलवर घेऊन आला होता.

मीही हसलो. आपल्याकडं गावोगाव एक नागम्मा सापडते. कुणीतरी म्हातारी आपलं नाव छापून आलंय म्हणून हरखली असेल. पुरावे सरांना हा खुलासा पुरला. पंधरा दिवसांनी धोंडप्पांचा परत फोन आला. या वेळी ते जरा अवघडले होते.

"आजीला नातसुनेनं सगळं वाचून दाखवलं म्हणं," ते म्हणाले. "त्या विचारून राहिल्यात, माझ्या कानाचं सरांनी का काढून टाकलं?"

मी फोन ठेवून कपाट उघडलं. कच्ची वही वरच्या फळीवर, जुन्या पंचांगांखाली होती. नागम्माच्या वर्णनात मी एक ओळ लिहिली होती आणि पेनानं गिरवून गिरवून खोडली होती: डाव्या कानाची पाळी फाटलेली. ते माझ्या आईचं होतं. मी चौथीत असताना सिद्धेश्वराच्या यात्रेत कुणीतरी गर्दीत तिच्या कानातलं फूल ओढून नेलं. नंतर जन्मभर तिनं डावा कान पदराखाली झाकला. असा आईचा झाकलेला कान मी छापायला काढला, म्हणून मलाच शरम वाटून ती ओळ खोडली होती. वही अंबिकानंसुद्धा बघितलेली नव्हती.

यानंतर शहाण्या माणसानं एरंडवाडीची एसटी धरली असती. मी धरली नाही. श्रावणात नांदेडला प्रकाशन ठरलं होतं, पत्रिका छापल्या होत्या, मला शालीचा मोह होता.

मंगळवारी दुपारी चारचा कार्यक्रम. वजिराबादेतला छोटा हॉल भरला होता. पुढच्या रांगेत अक्षरा बसली होती. माझी दहावीची विद्यार्थिनी. आता नांदेडलाच पीएचडी करते, आपल्या समाजातल्या बायकांच्या तोंडी परंपरांवर. शाळेत तीच एकटी अशी होती, जी 'पुरावा?' म्हटल्यावर खाली न बसता दुसऱ्या दिवशी पुरावा घेऊन यायची. माझं भाषण संपल्यावर ती उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, की प्रबंधातलं एक आख्खं प्रकरण ती नागम्माआजींवर आणि शेषेरावांवर उभं करतेय. सरांनी नाव घातलंय म्हणजे बाकी काही तपासायची गरज नाही. फक्त आजींना एकदा भेटायचंय, सरांनी सोबत यावं.

माझ्या हातात माईक होता. खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी हॉलमधली माणसं बघितली, खांद्यावरची शाल बघितली, आणि म्हणालो,

"नागम्मा आता नाहीत. लिंगैक्य झाल्या."

कुणीतरी उठलं, मग सगळेच उठले. दोन मिनिटं मौन. मी मान खाली घालून मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभा राहिलो. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. अक्षरा डोळे पुसत होती.

परतीच्या वाटेवर अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली. चहाचा कप हातात घेतला आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. तो शिवमूर्ती म्हणून कुणी होता, एरंडवाडीहून. नागम्माआजीचा नातू. आजी गेली, म्हणाला. तशी धडधाकट होती, सकाळी स्वतः लिंगपूजा केली. दुपारी ओसरीवर बसून शेंगा फोडत होती.

मी वेळ विचारली. त्यानं सांगितली. चार-चाळीस.

चहा तिथंच ठेवून बसमध्ये बसलो. लातूरपर्यंत मी एकच गोष्ट मनात घोकत होतो, की माणसं मरतात, ब्याण्णवाव्या वर्षी तर मरतातच. घोकून काही उपयोग झाला नाही. आपण कुणाचा तरी जीव घेतला आहे आणि वर शाल पांघरून बसलो आहोत, ही भावना काही केल्या जाईना.

बुधवारी सकाळी एरंडवाडीला गेलो. अक्षरा आधीच पोचली होती. शिवमूर्तीनं माझा नंबर विचारायला पुस्तकावरच्या नंबरवर हरिओमला फोन केला होता, आणि हरिओमनं प्रकाशनात ओळख झालेल्या अक्षराला कळवलं. तारखेबद्दल तिला काही खटकलं असेल तर तिनं दाखवलं नाही. समाधीच्या खड्ड्यात नागम्मा मांडी घालून बसवलेली होती, कपाळावर विभूती, डाव्या तळव्यात इष्टलिंग, भोवती बेलाचा ढीग. स्वामी मंत्र म्हणत होते. मी वाकून बघितलं. डावी पाळी मधोमध फाटलेली होती. चेहरा माझ्या आईचा नव्हता, कुणाचाच ओळखीचा नव्हता. पण कान तोच होता.

पदराला एक गाठ होती.

शिवमूर्ती माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "सकाळी मारली होती," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हणली, सरांना अर्धंच ठावं हाय. ते आले की उरलेलं सांगते, मग सोडते."

मला तिथंच बोलायला हवं होतं. मी मूठभर माती टाकली आणि मागं सरलो. गावकरी म्हणाले, सर, दोन शब्द बोला, तुमच्यामुळं आमच्या आजीचं नाव झालं. आणि मी बोललो. तिचा स्वभाव, तिची स्मरणशक्ती, आमच्या भेटी. एकही भेट न झालेल्या बाईबद्दल मी दहा मिनिटं बोललो आणि बायका रडल्या. माझ्या स्वतःच्या डोळ्यांतही पाणी आलं, ते कशाचं होतं देवाला माहीत.

निघताना अक्षरा म्हणाली, "सर, ही माणसं अशी एकेक चाललीत. शेषेरावांकडं आता उशीर नको. मी शनिवारीच इस्लापूरला जाते."

शुक्रवारची रात्र मी छताकडं बघत काढली. अक्षराला कसं थांबवायचं? 'शेषेरावही गेले' हे शब्द जिभेवर आयते तयार होते. ते मी गिळले. पुन्हा कुणाला मारायचं नाही, असं मी ठरवलं. या वेळी खरं सांगायचं. माझी अब्रू जाईल, जाऊ दे. पोरीचा प्रबंध तरी वाचेल.

शनिवारी सकाळी फोन घेऊन बसलो. एक निरोप लिहायला मला दोन तास लागले. 'अक्षरा, नागम्माला मी कधीही भेटलो नव्हतो. शेषेराव नावाचा माणूस मी एसटीत बसून रचला. तो कधीच नव्हता. इस्लापूरला जाऊ नकोस, यातलं काही प्रबंधात घालू नकोस. तुझ्या सरांना माफ कर.' पाठवलं. एकच खूण उमटली. तिची बस हिमायतनगरच्या पुढं गेली असणार, मधल्या जंगलात रेंज नसते. एकदा रेंज आली की वाचेल. कित्येक महिन्यांनी मला मोकळा श्वास आला. आतून अंबिकानं ताट वाढल्याची हाक मारली. मी उठलो आणि फोन वाजला.

"उमाशंकर सर का? मी शेषेराव बोलतो, इस्लापूरहून. पान एकशे चौदा."

मी परत खाली बसलो. आवाज म्हाताऱ्याचा होता, पण खणखणीत. पाठीमागं पाणी कोसळल्याचा आवाज होता.

"नागम्माबाईचं कळलं, सर. वाईट झालं. ताई आज येऊन राहिल्यात म्हणं माझ्याकडं. तुमी त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"राग न्हाई, सर. तुमच्यामुळं तर हाव आमी. फक्त एवढंच म्हणणं हाय, तुळशीच्या लग्नानंतर नातीचं लगीन हाय. तेवढं होऊ द्या. मग तुमी म्हणाल तसं. ऐकून राहिलात ना?"

मी फोन कानावरून काढला, स्पीकर लावला आणि तो निरोप शोधला. अजून एकच खूण होती. चष्मा सापडेना. पुसून टाकायचं कुठं असतं ते मला पोरांनी एकदा दाखवलं होतं. मी निरोपावर बोट दाबून धरलं. भलतंच काहीतरी उघडलं.

"सून म्हणली, आधी जेवून घ्या," शेषेराव सांगत होता. "मी म्हणलो, भाकरी कुठं पळून जात न्हाई, आधी सरांना इचारतो."

मी परत दाबलं. आयुष्यात एकदाच खरं लिहिलं होतं आणि तेच मी पुसायला बघत होतो.

दोन खुणा झाल्या.

"थांबा," मी म्हणालो. "शेषेराव, थांबा जरा."

"थांबलो की, सर. नातीचं नाव ऋतुजा. तुमाला पत्रिका धाडतो. ऐकून राहिला—"

दोन्ही खुणा निळ्या झाल्या.

फोन चालूच होता. पडद्यावर सेकंद पुढं सरकत होते. त्या टोकाला कुणी नव्हतं, नुसतं पाणी पडत होतं. मी हाक मारली, परत मारली. मग एका बाईचा आवाज लांबून आला, जरा गोंधळलेला. हे जास्तीचं ताट कुणाचं वाढलंय गं, असं ती कुणाला तरी विचारत होती.

अंबिका हात पुसत दारात आली. "जेवण गार होऊन राहिलंय. कुणाचा फोन?"

"राँग नंबर," मी म्हणालो.