सोनेरी पिंजरा, पण बारीक फटींचा

"मला सोनेरी पिंजरा हवाय... लवकर!"

बोलून गेले आणि मी जीभ चावली. आमच्या अलेक्झांड्रियात सोनेरी पिंजऱ्यात जाणं म्हणजे लग्न करणं. शुक्रवारचा पक्ष्यांचा बाजार तुडुंब भरलेला, आणि शेजारच्या कबुतरवाल्याचे कान भलतेच तिखट.

"ऊठ रे हातिम, पोरगी घाईत आहे! मिशी सारखी कर!"

पिंजरेवाल्याचा पुतण्या हातिम लालेलाल झाला. मिशी तर त्याला नव्हतीच. एरवी मी हसले असते, पण माझा जीव टांगणीला लागला होता. सकाळी जुना पिंजरा गंजलेल्या कडीसकट गॅलरीत कोसळला होता आणि आमचा पिवळा कनारी पक्षी, लूलू, चाळणीखाली कोंडलेला होता. त्याला बाबांनी आणलं होतं. बाबा गेल्यापासून आई मोकळेपणानं बोलायची ती फक्त त्याच्याशी.

"पक्षी केवढा आहे?" हातिमनं विचारलं.

"एवढासा." मी मूठ दाखवली.

तो मुठीकडे बघतच राहिला. "केवढीशी मूठ ही..."

"पिंजरा द्या ना!"

गडबडीत त्यानं हाताला लागला तो सोनेरी पिंजरा दिला. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे... पिंजऱ्याकडे कुणीच नीट पाहिलं नाही.

घरी लूलूला आत सोडलं मात्र, तो फटीतून सरळ बाहेर आला आणि गॅलरीतून समोरच्या गच्चीवर! पोपटाचा पिंजरा होता तो. आई कठडा धरून नुसती उभी राहिली. तिच्याकडे बघवेना. मी तशीच बाजारात धावले.

"पळाला तो! तुमच्या पिंजऱ्यातून पळाला!" मला रडूच फुटलं.

हातिमचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं. डोकं ठिकाणावर नव्हतं." त्यानं बारीक फटींचा एक पिंजरा उचलला, दुसऱ्या हातात स्वतःचा गाणारा कनारी, मिश्मिश, त्याच्या पिंजऱ्यासकट. "चला. याचं गाणं ऐकून येईल तो, अंधार पडायच्या आत."

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोघी बायकांच्या घरात परका तरुण वर कसा येणार? तो गल्लीतच थांबला. आईनं दोरीची टोपली खाली सोडली, रोज भाजी-पाव वर ओढतो तीच. दोन खेपांत दोन्ही पिंजरे वर आले. मिश्मिशला खिळ्याला टांगलं, शेजारी रिकामा पिंजरा दार उघडं ठेवून. आत दाणे.

मिश्मिश गप्प.

"गातच नाहीये हा!" मी ओरडले.

"घाबरलाय बिचारा..." खालून आवाज आला. "माझ्यासारखाच."

ऊन उतरलं. समोरच्या गच्चीवर एक मांजर आळस देत उठली. हातिमनं खालून हळूच शीळ घातली... एकदा, पुन्हा एकदा. आणि मिश्मिशनं गळा मोकळा केला.

लूलूनं मान वळवली. कपड्यांच्या दोरीवर आला. मग कठड्यावर. मग दाण्यांसाठी आत! मी दार लावलं आणि तिथंच फतकल मारून बसले.

"आलास रे, चोरा!" आई रडत होती, हसत होती. "नहला, त्या पोराला सांग गं!"

"आला!" मी खाली ओरडले. गल्लीनं टाळ्या पिटल्या.

"मग माझ्या मिश्मिशला पाठवा आता!"

"नाही पाठवणार. लूलू पुन्हा रुसला तर?"

"मग मला रोज यावं लागेल..."

"या की."

त्यानं मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. मग सगळ्यांदेखत म्हणाला, "खरं सांगू, नहला? ती मूठ पाहिली ना... तेव्हापासून मला दुसरं काही दिसतच नाहीये."

मी पोपटाचा पिंजरा टोपलीत ठेवून खाली सोडला.

"हा परत घ्या. फटी फार मोठ्या आहेत याच्या."

"आणि... दुसरा कुठला आणू?"

मी आईकडे पाहिलं. तिनं पदरासारखं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं होतं, पण डोळे हसत होते.

"सोनेरीच आणा," मी म्हणाले. "पण या वेळी तुमच्या आईला घेऊन... जिन्यानं या."

तो वळला आणि धावत सुटला.

"अहो, कुठं निघालात?"

"आईला आणायला!"

पिंजरा टोपलीतच राहिला.