नऊ अंडी

चष्म्याच्या दुकानातल्या आतल्या खोलीत मी एका आजोबांचा नंबर काढत होते. खोलीत काळोख, फक्त समोरचा तक्ता उजळलेला. "आता सगळ्यात खालची ओळ वाचा," मी म्हटलं, आणि त्या ओळीवर एक पोपट येऊन बसला.

खोटं नाही सांगत. मुठीएवढा, हिरवागार, गाल केशरी. मी दचकून मागे सरले. आजोबा मात्र शांतपणे म्हणाले, "बाई, हे अक्षर मला येत नाही."

"दिवा लावू नका... प्लीज," दारातून कुणीतरी कुजबुजलं. एक उंच तरुण आत आला आणि त्यानं तक्त्याचाही दिवा घालवला. मिट्ट काळोख. "अंधारात हे उडत नाहीत," तो म्हणाला, आणि ते माझ्या कानाच्या इतकं जवळ होतं की मी श्वास रोखून धरला. थोडी फडफड झाली. दिवा लागला तेव्हा पक्षी त्याच्या मुठीत होता आणि तो माझ्याकडे बघत होता.

दुकानासमोरच्या इमारतीच्या गच्चीवर तो लव्हबर्ड पाळायचा. चाळीस जोड्या. गल्लीत त्याला सगळे पोपटवालाच म्हणत. आई गेल्यापासून माझे बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे, म्हणून पुढच्याच आठवड्यात मी त्याच्याकडे एक जोडी मागायला गेले. निदान मी स्वतःला कारण तेच सांगितलं.

"यातला नर कुठला, मादी कुठली?"

"दिसायला सारखेच. पोटाखाली दोन हाडं असतात. मादीची एकमेकांपासून लांब, नराची जवळजवळ. बोटाला कळतं."

"आणि चुकलात तर?"

"सात वर्षांत चुकलो नाही, डॉक्टर."

"मी डॉक्टर नाही. नंबर काढते."

"माझ्यासाठी डॉक्टरच," तो म्हणाला, आणि पिंजऱ्यात हात घालून एकामागून एक दोन पक्षी त्यानं खोक्यात ठेवले.

बाबा बदलले. अगदी डोळ्यांदेखत बदलले. पक्ष्यांवरचं जाडजूड पुस्तक आणलं, लाकडी घरट्यात नारळाचा काथ्या घातला, आणि अंडी आली त्या दिवशी कॅलेंडरवर पिल्लांची तारीख लाल पेनानं गोल केली. मला वाटतं, त्या तारखेसाठीच ते सकाळी उठत होते. दर रविवारी पोपटवाला 'तपासणीला' यायचा. घरट्यात पाच मिनिटं बघायचा आणि दोन तास चहा प्यायचा.

अंडी नऊ झाली. आठ-दहा दिवसांच्या अंड्याला उजेड लावला की आत लाल शिरा दिसतात, हे त्यानंच शिकवलेलं. माझ्याकडे डोळे तपासायची बारीक टॉर्च होतीच. एका सकाळी बाबा फिरायला गेल्यावर मी पहिलं अंडं उजेडात धरलं. काही नाही. दुसरं, तिसरं... नऊच्या नऊ रिकामी.  मी त्याला फोन केला. काय बोलले ते आठवत नाही, पण तो धावतपळत आला.

त्यानं एक पक्षी हातात घेतला, पोटाखाली बोट फिरवलं. मग दुसरा घेतला. मग परत पहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"दोन्ही माद्या आहेत," तो म्हणाला.

मी खालीच बसले. बाबांना काय सांगणार होते मी? त्या लाल गोलाचं काय करणार होते?

"माझ्याकडे एका जोडीची दहा दिवसांची अंडी आहेत," तो हळूच म्हणाला. "या दोघी उबवतील. त्यांना आपलं-परकं कळत नाही. काकांची तारीख चुकणार नाही... माझ्यावर एवढा विश्वास टाकाल?"

दुसऱ्या दिवशी, बाबा अंघोळीला गेल्यावर तो आला. स्कूटर असून गच्चीपासून आमच्या घरापर्यंत पाऊण तास चालत आला होता, हादरे बसू नयेत म्हणून. शर्टाच्या आत, छातीशी, कापूस घातलेला डबा. आम्ही चार अंडी उचलली, चार ठेवली. नऊची नऊ. आमची बोटं एकमेकांना लागली आणि दोघांनीही ती लगेच काढली नाहीत.

त्या संध्याकाळी तो दुकानात येऊन सरळ खुर्चीत बसला. "माझे डोळे तपासा."

मी दिवा घालवला. त्यानं अगदी खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"नजर ठणठणीत आहे," मी जरा रागानंच म्हटलं. "मग सात वर्षांत न झालेली चूक माझ्याच वेळी कशी झाली?"

त्यानं तक्त्यावरची नजर खाली घेतली. "मादी बरोबर निघाली होती. मग नरांच्या पिंजऱ्यात हात घालायचा, तो परत माद्यांच्याच पिंजऱ्यात घातला. दुसरीचं हाड बघितलंच नाही. तुम्ही तेव्हा... वाऱ्यानं उडालेली बट कानामागे घेत होतात."

माझा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

"दिवा लावू नका," तो म्हणाला. "अंधारात कुणी उडून जात नाही."

मी दिवा लावला नाही. मला हा माणूस आवडत होता, फार आवडत होता, आणि ते मी त्याला तिथेच, काळोखात सांगून टाकलं.

लाल गोलाच्या दिवशी घरट्यातून बारीक चिवचिव आली. तीन पिल्लं निघाली. बाबांचे डोळे भरून आले आणि मी मनातल्या मनात सुटले.

पिल्लं नऊ दिवसांची झाली तेव्हा तो पायात घालायच्या कड्या घेऊन आला. त्याच दिवसांत त्या चढतात, नंतर पाय मोठा होतो. त्यानं पहिलं पिल्लू तळहातावर घेतलं. बाबा पुस्तक मिटून म्हणाले, "एकटी मादी नऊ अंडी घालत नाही."

कडी त्याच्या हातातून खाली पडली. 

"दोन माद्यांखाली पिल्लं निघाली, म्हणजे अंडी कुणीतरी बदलली. अंडी नऊ झाली त्याच दिवशी मला कळलं होतं जोडीचं."

"बाबा... मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर यानं दुसऱ्या दिवशी नर आणून दिला असता आणि लाजेनं याचे रविवार बंद झाले असते." बाबांनी वाकून कडी उचलली, त्याच्या हातात ठेवली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "तिच्याकडे बघायला जन्म पडलाय. आता जरा हातातल्या पिल्लाकडे बघ."