रेषेपर्यंत भरलेली नळी

रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची तपासणी म्हणजे मानपानाला टपलेल्या पाहुण्याची सरबराई. जरा कमीजास्त झालं की बिनसलंच. निळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं थोडं द्रावण आधीच असतं, आणि रक्त बरोबर खुणेच्या रेषेपर्यंत यावं लागतं. कमी पडलं तर अहवाल खोटा. म्हणून पहिली एक साधी नळी भरून बाजूला ठेवायची, कारण सुईमागच्या बारीक नळीतली हवा निळ्या नळीत गेली की माप चुकतं. आणि नाव रुग्णाच्याच तोंडून वदवून घ्यायचं, चिठ्ठी तिथेच चिकटवायची.

घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेणारी ती या बाबतीत इतकी काटेकोर होती, की प्रयोगशाळेत सगळे तिला पाठीमागे ‘रेषाबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि थोडं आवडतही होतं. ती अशी कधीपासून झाली, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तिने दोन घरांतल्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या गाडीत बसून, आठवणीच्या भरवशावर चिकटवल्या होत्या. त्यांतल्या एका मुलीचा अहवाल नॉर्मल आला. शस्त्रक्रियेनंतर त्या मुलीचं रक्त थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली. अदलाबदल झाली असेलच असं नाही, अशी स्वतःची समजूत ती तेव्हापासून घालत आली होती.

आज तिला त्याच घरी जायचं होतं. त्या मुलीच्या धाकट्या बहिणीची शस्त्रक्रिया उद्या सकाळी होती.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातून, फोनवर बोलता बोलता, आईने हाक दिली, “आत बसा हो ताई, आलेच.”

ती आत गेली. खोलीचे पडदे ओढलेले होते. बराच काळ बंद राहिलेल्या कपाटाचा वास येत होता, आणि त्याखाली दुसरा, ओल्या लोखंडासारखा. पलंगावर मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. एक हात मात्र काढून ठेवल्यासारखा कडेला होता. हात थंड होता. शीर पहिल्याच खेपेला सापडली. साधी नळी भरली, मग निळी. रक्त सावकाश चढत गेलं आणि रेषेवर येऊन आपोआप थांबलं. तिने नळी चारदा हलकेच उलटसुलट केली. कुठेतरी चालू असलेला पंखा बंद पडला असावा, कारण आता तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

“नाव सांगा.”

“या वेळी… विचारलंत.”

तिचं पेन अडलं. “काय म्हणालात?”

“त्या वेळी… नव्हतं विचारलं.”

मग मुलीने नाव सांगितलं, अगदी हळू, आणि सवयीच्या हाताने तिने ते लिहून चिठ्ठी चिकटवली. बाहेर उजेडात आल्यावर तिने ते वाचलं. नाव थोरलीचं होतं.

“अगंबाई, तिकडे कुठे शिरलात?” आई पदराला हात पुसत समोर उभी होती. “ती मोठीची खोली. आम्ही उघडतसुद्धा नाही.”

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. धाकटी हातात औषधांची पिशवी घेऊन धापा टाकत आली. “आल्या का रक्त प्यायला? मी आधीच सांगते, दोन बिस्किटं हाणलीत.”

“चालतात,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

धाकटीचा हात गरम होता. तिने नाव विचारलं, दोनदा विचारलं. “ताई, पाठ करताय का?” धाकटी हसली. आई मात्र नळीकडे टक लावून बघत होती. “मोठीचा रिपोर्ट चांगला आला होता. तुम्हीच घेतलं होतंत ना रक्त? मग हिची कशाला काळजी करायची, नाही का?”

तिने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे तिलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी सहाला यंत्राने धाकटीचा आकडा दिला. तो इतका कमी होता की तिने तपासणी पुन्हा लावली. पुन्हा तोच आला. तिने शल्यचिकित्सकांना फोन केला.

“तुमची नळी बिघडली असेल,” ते म्हणाले. “सख्ख्या बहिणीचा रिपोर्ट माझ्यासमोर आहे, नॉर्मल, तुमच्याच सहीचा. मी उद्या आठला घेतोय तिला.”

तिच्या समोर स्टँडमध्ये त्या बंद खोलीतली साधी नळी उभी होती. तिच्यात द्रावण नव्हतं. तिच्यातलं रक्त अर्ध्या तासात गोठायला हवं होतं. चार तास झाले होते. तिने नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं हललं. काच अजून कोमट होती.

“तो रिपोर्ट तिचा नव्हता,” ती म्हणाली.

“तुम्ही काय बोलताय, कळतंय तुम्हाला?”

“कळतंय. चिठ्ठ्या मी नंतर चिकटवल्या होत्या. लेखी देते.”

कागदाच्या सळसळीनंतर ते एवढंच म्हणाले, “उद्याचं रद्द करतो. आधी उपचार.”

तिने फोन ठेवला. नोकरी गेली, हे तिला समजलं होतं; तरी दोन वर्षांत पहिल्यांदा खांदे हलके झाले होते. मुलगी वाचली होती. बाकीच्याला काहीतरी स्पष्टीकरण असणारच: अंधार, अपराधी मन, कुणाचं तरी रक्त. कुणाचं, तेवढं शोधायचं राहिलं होतं.

तिने पांढरा कोट काढला, बाही सरकवली. डाव्या कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा होता, वर पट्टी, दोन्ही बाजूंनी नीट दुमडलेली, तिच्याच पद्धतीची. कापसावर लाल ठिपका होता.

म्हणजे ते रक्त आपलंच, असं तिने स्वतःला बजावलं. रिकाम्या खोलीत, आपल्याच हाताने. भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली. मग तिची नजर स्टँडमधल्या नळीकडे गेली. तिचं स्वतःचं रक्त तर आजवर नेहमी वेळेवर गोठलं होतं.

रोज प्रत्येकाला सांगायची तसं तिने बोळ्यावर अंगठा घट्ट दाबला आणि घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं, फार तर पाच.

वीस मिनिटांनी तिने अंगठा उचलला. ठिपका बोळ्याच्या कडेपर्यंत आला होता, आणि सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा, पुढे सरकत होता.